घड्याळाखालची त्वचा

हात धुवायला घड्याळ काढलं आणि डॉ. शैलजा बिराजदार बेसिनपाशीच थबकल्या. पट्ट्याखालची कातडी होती तशीच गव्हाळ. तिच्या दोन्ही बाजूंना मात्र हात पाटीसारखा करडा-काळा पडला होता. सोलापूरचं ऊन कुणाला सोडत नाही हे खरं, पण उन्हाने रापलेला रंग असा नसतो. हा रंग त्यांनी एकाच ठिकाणी पाहिला होता, स्वतःच्या रुग्णांच्या अंगावर.

त्यांच्या प्रयोगशाळेत ‘उकल’ नावाचं औषध तयार होत होतं. करविस्मृती या आनुवंशिक आजारात मज्जापेशींमध्ये एका प्रथिनाचा गुंता होतो आणि हात शिकलेली कामं विसरतात. आधी बटणं लावणं, मग भाकरी मोडणं. उकल तो गुंता सोडवत असे. जनुकबदल केलेले जिवाणू दुधात वाढवायचे आणि त्यांनी औषध तयार करायचं, अशी रीत. औषध गुणकारी होतं. खोट एकच, रुग्णाची उघडी त्वचा हळूहळू काळवंडायची. या ‘औषधश्यामते’पायी दोन लग्नाच्या मुलींनी उपचार अर्ध्यात सोडले, तेव्हा शैलजाबाई जाम चिडल्या होत्या. हात गेले तरी चालतील, पण रंग जायला नको!

आता स्वतःवर वेळ आली होती. त्यांनी तर उकलची एक मात्राही घेतली नव्हती. दार लावून त्यांनी आपल्या रक्ताचा थेंब यंत्रात घातला. उकल सापडलं, आणि तेही रोज घेणाऱ्याइतकं.

म्हणजे कुणीतरी देत होतं. संशय गेला तो सहकारी डॉ. मल्लिनाथ हत्तुरेवर. शैलजाबाईंचे वडील करविस्मृतीनेच गेले. घास तोंडापर्यंत कसा न्यायचा हेही शेवटी त्यांचे हात विसरले होते. लेकीत तो दोष असण्याची शक्यता निम्मी. “मॅडम, एकदा तपासून घ्या,” म्हणून मल्लिनाथ सारखा मागे लागायचा. “मला कळून घ्यायचंच नाही,” असं त्या ठणकावून सांगायच्या. मग याने न विचारताच उपचार सुरू केले की काय? की आपल्यावरच प्रयोग चाललाय?

त्या दिवसापासून मल्लिनाथने आणलेला चहा कुंडीत जाऊ लागला. पाण्याची बाटली घरून यायला लागली, तीही पर्समध्ये. तो हसला तरी बाईंना त्यात काहीतरी काळंबेरं दिसे. एवढं करूनही पुन्हा रक्त तपासलं, तर उकल तितकंच.

अखेर दुपारी जेवताना त्यांच्या संयमाचा बांध फुटला. रोजच्यासारखं सगळे एकत्र बसले होते. भाकरी, शेंगाची चटणी आणि मोठ्या पातेल्यात दही. शैलजाबाईंनी बाही वर सारली.

“मल्लिनाथ, मला काय चारताय तुम्ही?”

“काय ओ मॅडम! मी कशाला चारू?” तो मनापासून दुखावला. पण हाडाचा संशोधक. भांडण्याऐवजी त्याने टेबलावरच्या प्रत्येक पदार्थाचा नमुना घेतला आणि यंत्राकडे गेला. परत आला तो पातेल्याकडे बघतच.

“दह्यात आहे.”

दही लावायची पद्मा येमूल, जिवाणू वाढवण्याचं काम पाहणारी तरुण संशोधक. ती रडकुंडीला आली. “उन्हाळ्यात आपलं विरजण खराब झालं होतं, मॅडम. फ्रिजमध्ये स्टीलच्या वाटीत दही दिसलं. कुणाच्या तरी डब्यातलं असेल म्हणून तेच विरजण लावलं.”

मल्लिनाथने कपाळावर हात मारला. “ती वाटी माझी. आपले जिवाणू साध्या दुधात तग धरतात का, ते बघत होतो. जेवणाच्या फ्रिजमध्ये ठेवायलाच नको होती.”

कालच्या दह्याने आजचं विरजत, जिवाणू इथवर आले होते. शैलजाबाईंना इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. “माफ करा हो. उगाच तुमच्यावर डूख धरला. म्हणजे उन्हाळ्यापासून आपण सगळेच औषध खातोय!”

“मी तर दोन-दोन वाट्या खातो,” मल्लिनाथ म्हणाला. खात्रीसाठी त्याने आपलं आणि पद्माचं रक्त तपासलं. दोघांतही उकल तेवढंच.

बाईंचं हसू थांबलं. मल्लिनाथ रोज उघड्या हातांनी, भर उन्हात मोटरसायकलवरून यायचा. त्याचे हात नेहमीसारखेच होते. पद्माचेही.

“उकलने त्वचा काळी होते, हे आपण कशावरून म्हणतो?”

“सगळ्या रुग्णांची होते की ओ.”

“आणि निरोगी माणसांची?”

“त्यांना चाचणीत एकेकच मात्रा दिली होती. सलग औषध फक्त रुग्णांनीच...”

त्याचं वाक्य बाईंनीच पुरं केलं. “रंग औषधाचा नाहीच. सुटलेल्या गुंत्याचे तुकडे त्वचेत साठतात आणि उन्हाने काळे पडतात. ज्याच्यात गुंताच नाही, त्याने कितीही दही खाल्लं तरी तो काळा होणार नाही.”

जी तपासणी त्यांनी जन्मभर टाळली, ती रोज दुपारी या टेबलावर होत होती. शैलजाबाईंना वडिलांचे हात आठवले आणि त्यांनी बाही खाली ओढून घेतली.

“मॅडम,” मल्लिनाथ हळूच म्हणाला, “काळं पडतंय म्हणजे गुंता सुटतोय.”

पद्माने दही फेकून द्यायला पातेलं उचललं होतं.

“ठेव ते,” शैलजाबाई म्हणाल्या. काळ्या हाताने त्यांनी वाटी तिच्यापुढे धरली. “वाढ. आणि उद्याच्या विरजणापुरतं बाजूला काढून ठेव.”