नववं पान

मला दोन गोष्टींची पहिल्यापासून किळस. एक मेंढरांचा वास, आणि दुसरी पानाच्या डोक्यावर एकटीच लोंबणारी ओळ.

सन एक्कावन्नला मी सेलूच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचो. बोरीकडच्या एका गावाची मतदारयादी आली होती. पानाला चाळीस नावं, एकदम छापायचा आठ पानांचा फर्मा. सगळं चोख बसलं आणि शेवटी एक नाव उरलं, भिवराबाई येडबा. आठव्या पानात एक्केचाळिसावी ओळ मावेना. म्हणजे त्या एका ओळीसाठी नववं पान!

लोकर विकायला बाजारात आलेलं एक धनगर जोडपं, यादी इथं छापतेय हे ऐकून, त्याच दुपारी दारात उभं राहिलं.

"दादा, समदे मला येडबाची बायकू म्हणतेत," भिवराबाई म्हणाली. "कागदावर तरी माझं नाव हाय नं?"

मी नाकाला रुमाल लावून तिची ओळ दाखवली. तिनं खिळ्यांवरून बोट फिरवलं आणि लाजून हसली. ती दोघं जाताच मी ती ओळ चिमट्यानं उचकटली, खिळे आपापल्या अक्षराच्या खान्यांत फेकले. पान स्वच्छ दिसायला लागलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या प्रुफावर आठव्या पानाखाली तपकिरी डाग आला. फर्मा रॉकेलनं पुसला. दुसऱ्या प्रुफावर पुन्हा तोच, बरोबर एका ओळीच्या लांबीचा. मग फर्म्याची आवळलेली चौकट सोडली. चाळिसाव्या ओळीखालच्या फटीत गोचिडी होत्या. अंगाला अंग लावून ओळीनं बसलेल्या, रक्तानं टम्म फुगलेल्या. मी पुन्हा नाकाला रुमाल लावला. चिमट्यानं एकेक उपसली, जाळली आणि यादी छापून टाकली.

पुढच्या बाजाराला येडबा एकटाच आला. छापखान्याच्या पायरीवर भाकर सोडून बसला.

"भिवराबाई कुठंय?" मी विचारलं.

"कोन भिवरा?"

"तुमची बायको."

"माझं लगीनच न्हाई झालं, दादा. कशाला थट्टा करायलाव?"

बोलता बोलता त्यानं अर्धी भाकर मोडून शेजारी धरली. शेजारी कुणी नव्हतं. हात तसाच राहिला. तो त्या हाताकडं बघत बसला.

मला माझीच किळस आली.

आत धावलो. नववं पान तर नववं पान! तिचं नाव पुन्हा जुळवायला 'भ'च्या खान्यात हात घातला.

खिळा एकही नव्हता. बोटांना काहीतरी टम्म, ऊबदार लागलं, आणि ते हललं.