बिननावाचा गोल

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाहीतर पुढची पोस्ट वाचा. मला कुणाला घाबरवायचं नाहीये. मला स्वतःलाही हल्ली भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटत नाही.

आणि हो, अमावस्या, ओसाड विहीर असलं यात काही नाही. भर दुपार होती. गेल्या वर्षीचा मे महिना. जळगाव. पारा पंचेचाळीसच्या वर. ज्यांनी जळगावचा मे काढलाय त्यांना माहीत आहे, दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

मी दीपक. कॉम्प्युटरची कामं करतो. आमच्या समाजाच्या मंडळाने मला एक काम दिलं होतं. सगळ्या घराण्यांची वंशावळ मशीनवर घ्यायची. सोयरीक जमवताना नातं आडवं येतंय का, ते बटण दाबलं की कळलं पाहिजे.

त्याला ग्राफ डेटाबेस लागतो. नाव मोठं आहे, गोष्ट सोपी. प्रत्येक माणूस म्हणजे एक गोल. नातं म्हणजे दोन गोलांमधली रेघ. कुठलेही दोन गोल द्या, मशीन मधला रस्ता शोधून देतं.

मी म्हटलं, इंटरनेटवर भाड्याने जागा घेऊ, स्वस्तात होईल. मंडळाचे अध्यक्ष रतिलाल आबा उसळलेच.

“आपल्या लेकीबाळींची नावं परक्याच्या मशीनवर? अजिबात नाही! सर्व्हर आपला, कार्यालय आपलं, कुलूप आपलं.”

झालं. मंडळाच्या मंगल कार्यालयामागे एक खोली होती, शेजारी भांड्यांची खोली. तिथे जुनं पण दणकट मशीन बसवलं. इन्व्हर्टर लावला, समोर कूलर ठेवला. लिनक्स टाकलं, डेटाबेस टाकला, पासवर्ड लावले. बाहेरच्या सगळ्या वाटा बंद केल्या. फक्त धुळ्याच्या शाखेची वाट उघडी ठेवली, कारण तिथे याच सर्व्हरची दुसरी प्रत चालणार होती.

हयात माणसांची नावं घरोघरच्या फॉर्मवरून आली होती. जुन्या पिढ्यांची माहिती वह्यांतून घ्यायची होती. वंशावळ राखणारे एक नाना आहेत, ते दर दोन-तीन वर्षांनी गावोगाव फिरून वह्या पुढे लिहितात. त्या टाइप करायला एक बाई ठेवल्या होत्या. मी त्यांना काकू म्हणायचो. फार नेटकं काम.

तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, “दीपक, बायकांचं काय करू? नावंच नाहीत.”

मी वही पाहिली. पोरगे सगळे नावानिशी. पोरींसमोर नुसतं ‘एरंडोलला दिली’, ‘जामनेरला दिली’. सुनांसमोर ‘अमळनेरची केली’. बस.

नानांना फोन लावला. ते हसायलाच लागले.

“पोरीस्ना नावे कोन लिखस रे भाऊ? कोनता गावले दिधी ते लिखं, म्हंजे व्हई गयं.”

म्हणजे पोरींची नावं कुणी लिहीतच नाही. मी काकूंना म्हटलं, रेघ मारा आणि पुढे चला.

चूक इथे झाली. नंतर मी पुष्कळांना दोष दिला, पण ती माझीच होती. एकच माणूस दोन वह्यांत आला तर दोनदा मोजला जाऊ नये म्हणून मी नियम टाकला होता, की नाव आणि गाव जुळलं तर माणूस तोच धरायचा. काकूंनी बायकांच्या नाव आणि गाव या दोन्ही रकान्यांत रेघ मारली होती. मशीनच्या लेखी त्या सगळ्या मिळून एकच बाई झाल्या.

माहिती भरून झाली. पडद्यावर चित्र आलं. हजारो बारीक गोल आणि मधोमध...

एक गोल इतका मोठा, की बाजूचं काही दिसेना.

नाव नाही. चार हजार तीनशे बारा बायकांच्या नोंदी त्यात मिसळलेल्या. सगळ्या समाजाची आजी तीच, सासू तीच, लेकही तीच.

मी हसलो तेव्हा. लाज वाटते आता, पण हसलो.

यात माझा जीव कुठे अडकला ते सांगतो. माझी धाकटी बहीण. तिची सुपारी फुटली होती. मुलगा धुळ्याचा, हितेंद्र नाव, औषधांचं दुकान आहे. दोघांचं फोनवर तासन् तास चालायचं. पोरगी नुसती हरखून गेली होती. लग्न तीन आठवड्यांवर. आणि आबांनी चार वडीलधाऱ्यांसमोर चाचणीला नेमकी तीच जोडी सांगितली.

“तुझ्याच घरापासून सुरुवात कर!”

मी दोघांची नावं टाकली. मशीनने लगेच रस्ता काढला. बहीण, तिची आई, आईची आई. हितेंद्र, त्याची आई, आईची आई. दोन्ही रेघा जाऊन त्या एकाच गोलाला मिळाल्या.

आबांचा चेहरा उतरला. “अरे, हे तर मावसभाऊ-मावसबहीण निघाले!”

“आबा, मशीनची चूक आहे. माझी आजी साक्रीकडची. त्याची चोपड्याची.”

“मग दोघींची नावं सांग.”

त्याच्या आजीचं नाव मला माहीत नव्हतं. माझ्या आजीचंही आठवेना. आम्ही तिला मोठी आई म्हणायचो.

आबा उठले. “रविवारी धुळ्याला वधू-वर मेळावा आहे. तोवर नीट करून दाखव. नाहीतर हे लग्न मोडायचं बोलावं लागेल.”

ते गेल्यावर काकू म्हणाल्या, “घरोघरी फोन लावू. विचारू. प्रत्येकीला तिचं तिचं नाव देऊ. महिना लागेल, पण होईल रे.”

“काकू, महिना आहे कुणाकडे?”

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी एक ओळ टाइप केली. हा गोल पूस, त्याच्या सगळ्या रेघांसकट.

एंटर.

चार हजार तीनशे बारा बायका गेल्या. अर्धा सेकंदही लागला नाही.

जोडी पुन्हा टाकली. नातं नाही. हरकत नाही. छातीवरचं ओझं उतरलं. ती प्रत तशीच धुळ्याला पाठवून दिली. खुशीत होतो, म्हणून काकूंना त्यांच्या नावाने मोठ्याने हाक मारली. म्हटलं, चला, आज चहा माझ्याकडून.

“ओ...”

बाईचा आवाज. भांड्यांच्या खोलीतून आला.

काकू माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांचं तोंड बंद होतं.

मी उठून पाहिलं. भांड्यांच्या खोलीला बाहेरून कुलूप. आत एकही भांडं वाजत नव्हतं.

काकू हळूच म्हणाल्या, “तू आत्ता कुणाला हाक मारलीस?”

“तुम्हाला.”

“काय म्हणालास?”

मी तोंड उघडलं... आणि नाव आलंच नाही. जिभेवर नाही, डोक्यातही नाही. आत्ता घेतलेलं नाव!

“उन्हाचं असेल,” काकू म्हणाल्या. आम्ही दोघांनी ते हसण्यावारी नेलं. चहा प्यायलो.

शनिवारी सकाळी काकूंनी हजेरीच्या वहीत सही करायला पेन उचललं. बराच वेळ तशाच बसल्या. मग त्यांनी तिथे एक रेघ मारली आणि पर्स घेऊन घरी गेल्या. परत आल्या नाहीत. म्हणूनच तुम्हाला त्यांचं नाव सांगितलेलं नाही. मला ते येत नाही. त्यांच्या नवऱ्यालाही येत नाही.

सर्व्हरला कुणी काय विचारलं याची नोंद मशीन स्वतः ठेवतं. ती उघडली. शुक्रवार, दोन वाजून अकरा मिनिटं. एक प्रश्न मी विचारलेला नव्हता. काकूंचा गोल उघडून एवढंच मागितलं होतं...

नाव.

कुठून मागितलं? बाहेरून नाही. धुळ्याहूनही नाही. त्याच मशीनच्या आतून.

मी नेटवर्कची वायर काढली. पुसण्याआधीची, गुरुवारी काढून ठेवलेली प्रत घाईघाईने परत चढवली. म्हटलं, जसं होतं तसं होऊ दे. लग्नाचं आबांच्या पाया पडून बघू.

मोठा गोल परत आला. काकूंचा गोल मात्र कुठेच नव्हता. त्यांच्या नवऱ्याची रेघ, पोरांच्या रेघा, सगळ्या त्या मोठ्या गोलाला जोडलेल्या.

त्या गोलात मिसळलेल्या बायका मी मोजल्या. चार हजार तीनशे तेरा.

गुरुवारच्या प्रतीत ही बाई कशी आली, ते मला आजही सांगता येत नाही.

रविवारी मेळावा जोरात झाला. धुळ्याच्या प्रतीवर साठ जोड्या तपासल्या, कुठेच नातं आडवं आलं नाही. सोमवारी मी आबांकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हटलं, दोन्ही सर्व्हर बंद करा.

आबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “साठ घरांत लग्नाची तयारी चालू झाली दीपक. आता काय सांगू त्यांना? भूत आहे म्हणून?”

घरी आलो. आईला बजावलं, पोरीला नावाने हाक मारू नकोस. बाई म्हण, बेटा म्हण, काहीही म्हण, पण नाव घेऊ नकोस.

आईने कपाळावर हात मारला. “येडा व्हयना का रे तू?”

आणि माझ्याकडे बघत, मुद्दाम, मोठ्याने तिने बहिणीला नावाने हाक मारली.

बहीण पुढच्या खोलीत मेंदीचे नमुने बघत बसली होती. तिने मान वर केली.

“ओ...”

मागून आला. न्हाणीतून.

न्हाणीत कुणी नव्हतं. घरात आम्ही तिघंच होतो. मी घड्याळ पाहिलं, दोन अकरा.

आईच्या हातातलं ताट खाली ठेवायचं राहून गेलं. ती नुसती ओठ हलवत होती. पंचवीस वर्षं रोज घेतलेलं नाव ती शोधत होती.

आम्ही तिचं आधार कार्ड काढलं. दहावीची गुणपत्रिका काढली. अक्षरं जागच्या जागी आहेत. दिसतात. पण वाचायला गेलं की सुटतात, शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेतो पहिलं गेलेलं असतं. छापखान्यातून लग्नपत्रिका आल्या, त्यांचंही तेच. पाहुणे पत्रिका वाचून म्हणायचे, “वा, छान,” आणि ‘तुमची मुलगी’ असंच बोलत राहायचे. कुणाला काही खटकलं नाही. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं, वाटायचं तेव्हा.

एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली.

“दादा, मला हाक मार ना. एकदाच.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडली. मी रडलो नाही. त्या आठवड्यात माझ्यातलं काहीतरी बंद पडलं, ते अजून बंदच आहे.

आशा एकच होती. लग्नानंतर सासरी नवीन नाव ठेवतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहायचं, मग ते वाचून दाखवायचं आणि सगळ्यांसमोर पहिली हाक मारायची. तिने हितेंद्रला फोनवर सगळं सांगितलं होतं. तो भला माणूस. म्हणाला, “मी तुला असं नाव देईन, की कुणी विसरणार नाही.”

धुळ्याला लग्न लागलं. हितेंद्रच्या घरी लक्ष्मीपूजन झालं. तांदळाचं ताट आलं. हितेंद्रने अंगठी धरली आणि सावकाश नाव लिहिलं. मी अगदी शेजारी होतो. मला ते वाचता आलं. पूर्ण वाचता आलं!

बहिणीनेही वाचलं. नाव गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“वाचा वाचा!” बायका ओरडल्या. “भावाला मारू द्या पहिली हाक!”

माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. मुहूर्त लांबला होता. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

हितेंद्रने नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि मी ताटात हात घातला.

सगळे तांदूळ फिरवून टाकले.

एकच गलका झाला. अपशकुन! भाऊ आहे का वैरी? हितेंद्रच्या आईने मला दाराबाहेर काढलं. बहीण ताटाकडे बघत होती. जाताजाता मी हितेंद्रच्या कानात एवढंच सांगितलं, “हे नाव घेऊ नका. कधीच. कुणासमोर लिहूही नका.”

त्याने ऐकलं. अजून ऐकतोय. तिला तो ‘अगं’ म्हणतो. सासू ‘सूनबाई’ म्हणते. शेजारी ‘दुकानवाल्या वहिनी’ म्हणतात. बरं चाललंय, असं ती फोनवर सांगते. आधी भांडायची माझ्याशी, हल्ली भांडत नाही.

ते नाव आम्हा तिघांनाच माहीत आहे. मी ते मनातसुद्धा म्हणत नाही.

दोन्ही सर्व्हर चालू आहेत. देखभाल माझ्याकडेच आहे. दुसरं कुणी आलं तर काय पुसून टाकेल, सांगता येत नाही. मेळाव्यात जमलेल्या साठ मुलींपैकी किती जणींना आज त्यांच्या नावाने हाक मारता येते, हे मी विचारायला गेलेलो नाही. रोज सकाळी फक्त आदल्या दिवशीच्या नोंदी बघतो.

आधी तो प्रश्न बहिणीच्या, सासरकडून नोंदवलेल्या नव्या गोलावर येत होता. मग हितेंद्रच्या गोलावर यायला लागला. गेल्या सोमवारपासून माझ्या गोलावर येतोय. रोज, दोन अकराला.

दीपक. धाकटी बहीण. नाव?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.