फियाटमधला टाक

विरजण आणायला गेले होते मी, बाकी काही निमित्त नव्हतं. या कुशाबाईला शेजारच्या घरात डोकावायची खोड आहे असं लोक म्हणतात, आणि ती आहेच. पण त्या दुपारी घरातलं दही खरोखर संपलं होतं. काटेवाडीच्या रस्त्याला आमची दोनच घरं लागून. मध्ये मेंदीचं कुंपण, आणि कुंपणात एक माणूस वाकून जाईल एवढी वाट. ती वाट माझ्याच येण्याजाण्यानं पडलेली.

कंदील जरा अलीकडं घ्या. लाईट काही एवढ्यात येत नाही.

प्रयागबाईनं विरजणाची वाटी पुढं केली, डाव्या हातानं. ती जन्माची डावखुरी. भाकरी डाव्या हातानं थापायची. हळदी-कुंकू लावायलासुद्धा डावाच हात पुढं यायचा, मग बायका ओरडल्या की जीभ चावून हात बदलायची. आमच्या सासूबाई होत्या तोवर त्यांनी तिच्याकडून कधी कुंकू लावून घेतलं नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही. तिच्या हातच्या विरजणाचं दही असं लागायचं की वाटी उलटी केली तरी पडू नये.

"भावजी कुठायत?" मी विचारलं.

"कुठं असनार? सवतीपाशी." ती हसली. "जावा, बघून या. बघितल्याबगर तुमाला जेवान जायचं न्हाय."

सवत म्हणजे गाडी. तिच्या नवऱ्यानं, दत्तोबानं, सगळी उमर कारखान्याच्या साहेबलोकांची जीप चालवली. रिटायर झाल्यावर डाळजच्या एका म्हाताऱ्याकडून जुनी फियाट आणली. डुक्कर फियाट म्हणतात ती, गोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली तेव्हा आत कोंबड्यांची पिसं होती आणि पत्र्यात बोट जात होतं. दत्तोबानं ती शेडात विटांवर चढवली आणि तिच्या नादाला लागला. गंज खरवडायचा, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासायचं, डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवायचा, पुन्हा घासायचं. कार्बोरेटर तर प्रयागबाईच्या परातीत रॉकेलमध्ये भिजत पडलेला मी पाहिलाय. ती शिव्या द्यायची आणि दुसरी परात काढायची.

त्या दुपारी तो पुढची सीट खोलत होता. सलग सीट, बाकड्यासारखी. फाटकं रेक्झिन काढून आतला काथ्या उपसत होता. काथ्याला उंदरांचा नि पेट्रोलचा वास होता, आणि त्याच्या खालून आणखी एक वास येत होता. नुकत्याच न्हालेल्या बाईच्या केसांना येतो तो. शिकेकाईचा.

"वैनी, हे बगा काय घावलं," दत्तोबा म्हणाला.

काथ्याच्या गुंत्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक होता. तुम्ही शहरातल्या, म्हणून सांगते. देवाचा ठसा उठवलेला पत्रा असतो, देव्हाऱ्यात ठेवतात. हा रुपयाएवढा होता. प्रयागबाईनं रांगोळीनं घासला तशी आकृती वर आली. डोक्यावरून पदर घेतलेली बाई, उजव्या हातात छातीशी धरलेला कुंकवाचा करंडा.

"भवानीच असंल," दत्तोबा म्हणाला. "आपल्या पायानं आली."

देव्हाऱ्यातल्या टाकाला दोरा कशाला लागतो, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यानं दोरा काढून टाकला आणि टाक डॅशबोर्डवर, डाव्या अंगाला, लांबीनं पक्का चिकटवला.

दसऱ्यापर्यंत गाडी चाकांवर उभी राहिली. मोरपंखी रंग दिला होता. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार. दत्तोबानं हौसेनं टाकाची ओटी आणली होती. हिरवा खण, साडी, बांगड्या. साडीची घडी पुढच्या सीटवर ठेवली, आणि कुंकवात बोट बुडवलं.

"अवो, मला द्या. बायामानसाचं काम हाय ते," प्रयागबाई म्हणाली.

"गाडी माजी हाय. मीच लावनार."

त्यानं त्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं. आम्ही हात जोडले.

मग निघालो शिर्सुफळच्या देवीला. प्रयागबाई नवी साडी नेसून पुढं बसायला गेली, तर दरवाजा उघडेना. तिनं ओढला, दत्तोबानं ओढला, मी पण हात लावला. कडी खाली होत होती, पण दरवाजा हलत नव्हता. जसं आतून कुणीतरी धरलंय.

"गंज ऱ्हायला असंल बिजागरीत," दत्तोबा म्हणाला. "माज्या बाजूनं सरकून बस की."

ती स्टेअरिंगकडून आत वाकली, आणि तशीच मागं आली. माझ्याशेजारी मागच्या सीटवर येऊन बसली. सगळा रस्ता तिनं माझा हात धरला होता. तिचा हात गार पडला होता.

भिगवण रस्त्याला लागल्यावर मी पाहिलं. नव्या, ताठ रेक्झिनला दत्तोबाच्या शेजारी खळगा पडला होता. माणूस बसल्यावर पडतो तसा. देवीपाशी गाडी थांबली तसा तो खळगा हळूहळू वर आला.

त्या दिवसापासून प्रयागबाई अंगानं उतरू लागली. ताप नाही, खोकला नाही. बारामतीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. ती भाकरी थापता थापता थांबायची आणि विसरल्यासारखी बघत राहायची. एकदा कुंपणातून वाकून आली नि माझ्या ओट्यावर बसली.

"आक्का, हसू नका. माजं कुकू टिकंना."

"घामानं जात असेल गं."

"थंडीत कसला घाम? लावलं की जातंय. पुसल्यागत." तिनं कपाळ पुढं केलं. कपाळ कोरं होतं. "आन् ह्ये जेवाय बसलं की म्हणत्यात, तिला वाढलंस का. कुनाला, म्हटलं. तर माज्याकडंच बगत बसत्यात… वळख नसल्यागत."

मी तिच्यादेखत माझ्या करंड्यातलं कुंकू तिला लावलं. चांगलं ठसठशीत. चहा गाळून बाहेर आले तोवर ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा प्लग आणायला सायकलवरून गावात गेला तशी मी शेडात शिरले. भर सकाळ. उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज रस्त्यावरून येत होता. शेडात मात्र शिकेकाईचा वास भरून राहिला होता, कुणी नुकतेच केस वाळवून गेल्यासारखा. मी काचेतून टाकाकडं पाहिलं, आणि या खेपेला नीट पाहिलं. सिंह नाही. हत्यार नाही. हात दोनच. देवीच्या अंगावरची एकही खूण नाही. कपाळावर मात्र कुंकू, ताजं, ओलं.

तेव्हा मला माझी वडगावची आत्या आठवली. ती दुसरेपणावर दिलेली. पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा टाक करून गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडं रीत. नवी साडी आधी टाकाला लावायची, पहिला घास आधी तिला ठेवायचा. नाहीतर मेलेली सवत सुखानं नांदू देत नाही. आत्या तो टाक काळ्या दोऱ्यात घालायची.

देवी नव्हती ती. कुणाची तरी मेलेली बायको होती. आणि दत्तोबानं तिला आपल्या हातानं साडी-चोळी दिली, बांगड्या दिल्या, कपाळाला कुंकू लावून शेजारी बसवली. लग्नाला आणखी काय लागतं?

त्याच दिवशी आम्ही दोघी एसटीनं भिगवणला आणि तिथून वडापच्या जीपनं डाळजला गेलो. गाडीचा जुना मालक हिंदुराव घरापुढं बाजेवर बसला होता. समोर धरणाचं पाणी पसरलेलं. प्रयागबाईकडं त्यानं एकदा पाहिलं, तिच्या कोऱ्या कपाळाकडं पाहिलं, आणि विडी विझवली.

"टाक घावला म्हना की," तो म्हणाला.

"कुणाचा हो आबा?" मी विचारलं.

"माज्या पैलीचा. नकोशी तिचं नाव. पाचवी पोरगी म्हनून बापानं ठिवलेलं. माज्या घरात आली तवा कुनाला तरी हवी झाली. गाडीत पुढं बसायची. माज्या आयलासुदीक कवा जागा दिली न्हाय."

"आणि मग?"

"पोटाच्या दुखन्यानं ग्येली. मी दुसरी केली. दुसरीनं टाक गळ्यात घातला, काय तरास झाला न्हाय. मग तीबी ग्येली. घालनारी कोन ऱ्हायली न्हाय, तवा जिची जागा तिला दिली. सीटंत शिवून टाकला."

"गाडी विकताना सांगायचं न्हाय का वो आबा?" प्रयागबाई म्हणाली. आवाज इतका खोल गेला होता की म्हाताऱ्यानं कानाशी हात नेला.

"मला काय ठावं, तुमचा मालक सीट उसवंल आन् तिचा संसार मांडंल म्हनून."

"तुमची हाय. परत घ्या."

"आता माजी कुटली? कुकू कुनी लावलं तिला?"

प्रयागबाईनं पदर कपाळावर ओढला.

"गळ्यात घाला," तो शेवटी म्हणाला. "पैला घास तिला, मग तुमाला. तिला फकस्त जागा पायजे बगा. मानसाळलेली होती. दुसरीबी तिच्यासंगं चांगली रुळली. शेवटी शेवटी तर अक्षी नकोशीगत हसायची…"

मी 'म्हणजे?' म्हणून विचारलं, तर त्यानं विडी पेटवली.

घरी येऊन प्रयागबाईनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दत्तोबाच्या दरवाजातून आत वाकून टाक उचकटला. दत्तोबा शेडाच्या खांबाला धरून उभा होता.

"कुठं न्हेतीस तिला?" त्यानं विचारलं.

"कुटं न्हाय. हितंच, माज्यापाशी."

मीच काळा दोरा ओवून तिच्या मानेवर गाठ मारली. तिच्या मानेवर काटा आला होता. मग ती गाडीच्या डाव्या बाजूला गेली, कडीला हात घातला, आणि दरवाजा तेल घातल्यासारखा उघडला. ती पुढं बसली. कपाळावर कुंकू होतं, ते तसंच राहिलं. मी रडले, खोटं कशाला सांगू. घरी येऊन मारुतीपुढं नारळ फोडला.

तेव्हापासून ती सुधारत गेली. अंगावर तेज आलं. रोज संध्याकाळी दत्तोबा गाडी पुसून काढायचा, आणि ती पुढं बसून त्याच्याबरोबर कालव्यापर्यंत जाऊन यायची. दत्तोबा सुखात होता. मला म्हणाला, "वैनी, नव्यानं लगीन झाल्यागत वाटतंय." मी हसले.

फक्त ती आता कुंपणातून यायची नाही. मी गेले तर बसा म्हणायची, चहा द्यायची, पण आक्का म्हणायची नाही. 'कुशाबाई' म्हणायची. विरजण आणलं एकदा, तर दह्याला तार सुटली. हळूहळू माझंही जाणं कमी झालं, आणि मेंदी भरून आली.

पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला तिनं हळदी-कुंकवाला बोलावलं. सडकेनं वळसा घालून गेले. ती करंडा घेऊन बायकांपुढून येत होती. माझ्यापुढं आली, वाकली, आणि कुंकू लावलं. उजव्या हातानं. जीभ चावली नाही, हात बदलला नाही.

"हात सुधारला गं तुझा," मी म्हणाले.

"हात? हात कुटं बिगडला हुता?" ती हसली. ते हसू मी त्या तोंडावर पूर्वी पाहिलं नव्हतं. आणि वाकल्यामुळं केसांचा वास आला.

तेवढ्यात तिच्या गळ्यातला दोरा तुटला. टाक माझ्या मांडीवर पडला. मी उचलला. चांदीचा पत्रा, पण तापातल्या माणसाच्या कपाळासारखा ऊन. पदर घेतलेली बाई, छातीशी धरलेला करंडा. मी तो उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. करंडा डाव्या हातात होता. आणि कपाळ कोरं.

"द्या हिकडं," ती म्हणाली. हसत नव्हती. उजवा हात पुढं केलेला.

बायका बघत होत्या. दत्तोबा दारात उभा होता, त्याच्या तोंडावर सुख होतं. माझ्या मुठीत तो टाक… कसं सांगू… अंग चोरून बसल्यासारखा वाटला. आणि मी दिला. काय म्हणून ठेवून घेणार होते?

तिनं दोऱ्याला नवी गाठ मारली, आणि तिळगूळ पुढच्या बाईला दिला.

आता ती तुमच्यासारख्या नव्या शेजारणींना पण दत्तोबाला सांगून गाडीतून सोडवते बारामतीला. स्वभावानं चांगली आहे. पण टाकाला पहिला घास ठेवताना मी तिला त्यानंतर कधी पाहिलं नाही. म्हणून तो मी माझ्या घरी ठेवते. रात्री जेवायला बसण्याआधी भाकरीचा तुकडा नि दह्याची वाटी, ताट भिंतीशी. वाटी मुद्दाम उजव्या अंगाला ठेवते, आपण सगळ्यांना वाढतो तशी.

सकाळी उठून बघते, तर वाटी ताटाच्या डाव्या बाजूला असते.