खळग्यातलं पांढरं कडं

जोर लावावा तसं हेलिकॉप्टर वर जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग भैरुडाच्या पठारावरच्या खळग्यात ते जोर लावताच आणखी वेगानं खाली का जावं? सरावात दोन वैमानिक तिथे आदळले. जीव वाचले. "खालून कुणीतरी ओढतं," एवढंच ते म्हणत.

आज स्पर्धा होती. दोरीला टांगलेली पाण्याची बादली खळग्याच्या तळाशी ठेवलेल्या पिंपात न सांडता उतरवायची. जो सर्वांत लवकर उतरवेल तो जिंकेल. त्यामुळे प्रत्येकाला सरळ खाली येण्याची घाई.

ऋजुता काठावर उभी होती, कारण आता तिची शाल्मलीमावशी उडणार होती. शेजारी टिटवी होती. टिटवी म्हणजे हवामान मोजणारी रोबो.

"खळग्यात वारा अजिबात नाही," टिटवी म्हणाली.

खाली विरळ धुकं साचलं होतं. मावशीचं हेलिकॉप्टर त्यात उतरू लागलं आणि आवाज बदलला. आतून कुणी दार ठोठावावं तसे धपधप ठोके पडू लागले.

टिटवीच्या रेडिओवर मावशी ओरडली, "अगं, खेचतंय मला! पूर्ण जोर लावलाय, तरी खालीच जातेय!"

ऋजुता घाबरली, पण तिनं डोळे मिटले नाहीत. पात्यांमधून धुकं खाली जात होतं, कडेनं वर चढत होतं आणि पुन्हा पात्यांवर येत होतं. पुन्हा पुन्हा तेच धुकं!

ती रेडिओत ओरडली, "मावशी, जोर कमी कर! बाजूला जा, बाजूला!"

"बादली सांडेल गं!"

"सांडू दे! तू ये!"

हेलिकॉप्टर कललं, बादली हेलकावली, पाणी उडालं. बाजूच्या स्वच्छ हवेत येताच ते झपकन वर उचललं गेलं. मागे धुक्याचं एक रिकामं कडं मात्र तसंच फिरत राहिलं. मग ते सावकाश गवतावर उतरलं आणि विरलं.

मावशी काठावर उतरली. ऋजुतानं तिला घट्ट मिठी मारली.

"कोण होतं गं तिथे?"

"तूच, मावशी. तुझीच हवा."

टिटवीनं समजावलं, "पाती हवा खाली ढकलतात, म्हणून हेलिकॉप्टर वर राहतं. पण ते त्याच हवेत झपाट्यानं सरळ उतरलं, तर ती कडेनं फिरून परत पात्यांवर येते. हे भोवरकडं (गोल फिरत राहणारं हवेचं कडं). जोर वाढवला की कडंच जोरात फिरतं. एरवी वारा ही हवा उडवून नेतो. इथे वाराच नाही."

मावशी स्पर्धा हरली. पंचांनी मात्र त्याच दुपारी नियम बदलला : खळग्यात तिरकंच उतरायचं. त्यानंतर एकही हेलिकॉप्टर खाली ओढलं गेलं नाही.

"उद्या मंगळावरच्या दऱ्यांत हेलिकॉप्टरं उतरवायची झाली, तर काठावर उभी राहायला तूच हवीस," मावशी म्हणाली.

ऋजुतानं खळग्याकडे पाहिलं. "काठावर कशाला? मी आत बसणार."