आठ टक्के कमी

टेबलावर एकूण अकरा वस्तू होत्या. एक प्रोसेसर, त्याचा पंखा, पंख्याचे चार स्क्रू, मेमरीच्या दोन पट्ट्या, प्रोसेसरला लावायच्या पेस्टची अर्धी ट्यूब, एक स्क्रूड्रायव्हर आणि प्रोसेसरचा रिकामा खोका. खोक्यावर ठळक अक्षरांत वेग छापलेला होता: ५.० गिगाहर्ट्झ. चाचणीत मिळत होते ४.६.

"आठ टक्के कुठे गेले?" दादा म्हणाला. "काय म्हणतं तुझं फिजिक्स?"

"फिजिक्स म्हणतं, तोंड बंद ठेव आणि ही वायर धर."

दादा कॉम्प्युटरवर इमारतींची त्रिमिती चित्रं करतो. बाबा गेल्यापासून त्याने आपलं टेबल त्यांच्या खोलीत हलवलं होतं, कारण आई सकाळी उठली की त्या खोलीत जाऊन बसायची ती जेवायलाच उठायची. तिला बाहेर काढणं आम्हाला जमलं नव्हतं, म्हणून दादाच आत जाऊन बसला. तेव्हापासून त्याचं प्रत्येक काम उशिरा पोचू लागलं. त्याचे साहेब फोनवर म्हणाले होते, "तू लग्नाला ये म्हटलं तर बारशाला येशील." हा नवा प्रोसेसर त्या बोलण्यावरचा उपाय होता.

मी प्रयोगशाळेत शिकले तशीच वागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. तापमान अठ्ठावन्न अंश, म्हणजे ठीक. पेस्ट पुसून नवी लावली: ४.६. पॉवर सप्लाय बदलला: ४.६. सगळ्या सेटिंग मूळपदावर आणल्या: ४.६. शेवटी अख्खी मशीन उचलून दुकानात नेली. दुकानदाराला सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी माझ्यासमोर तीच चाचणी लावली. ५.०.

"घरी सासुरवास होत असेल बिचाऱ्याला," मास्तर म्हणाले.

घरी आणली: ४.६. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून पाहिली: ५.०. पुन्हा खोलीत: ४.६. स्वयंपाकघरातून लांब वायर ओढून खोलीत वीज दिली, तरी ४.६.

मी यादीत सगळं धरलं होतं, खोली सोडून.

ही चाचणी वेळ मोजते ती इंटरनेटवरच्या, कुठल्यातरी दूरच्या घड्याळावर. मशीनला स्वतःला विचारलं तर ती म्हणत होती, मी पाचानेच चालले आहे. मग मी दोन एकसारखी स्टॉपवॉच आणली, एकदम सुरू केली, एक ओट्यावर ठेवलं आणि एक दादाच्या टेबलावर. तासाभराने ओट्यावरचं साठ मिनिटं दाखवत होतं. टेबलावरचं पंचावन्न मिनिटं बारा सेकंद. घड्याळांची अदलाबदल केली. फरक घड्याळासोबत गेला नाही, खोलीतच राहिला.

त्यानंतर आधी नजरेआड झालेल्या गोष्टी दिसू लागल्या. खोलीतला दिवा आत पांढरा होता, पण पॅसेजमधून पाहिलं की किंचित पिवळा वाटायचा. आई गुणगुणायची ते बाहेरून ऐकताना अर्धी पट्टी खाली लागायचं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल दादाने चार महिन्यांत तीनदा बदलला होता. मी कारण शोधलं. सापडलं नाही. वहीत तसंच लिहिलं आहे.

"आईला सांग," दादा म्हणाला. "घाबरून तरी बाहेर येईल."

आई उसवलेल्या स्वेटरची लोकर गुंडाळत होती. मी सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. हे असं कसं होईल, असंही तिने विचारलं नाही.

"म्हणजे ह्यांना जाऊन तुमच्याकडे एकशे एकतीस दिवस झाले," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे?"

"तू सतत इथेच असतीस, तर साधारण साडेदहा दिवस कमी. पण तू जेवायला बाहेर येतेस, झोपायला येतेस."

"हं." तिने लोकरीचा एक वेढा घेतला. "आणि खोलीभर सारखंच आहे का गं ते?"

प्रश्न उत्तम होता. तोंडी परीक्षेत मला कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. मला आनंद झाला, आणि माझी चूक तिथेच झाली. मी खोलीत नऊ ठिकाणी मापं घेतली. तासाभरात दारापाशी अठ्ठावन्न मिनिटं, टेबलापाशी पंचावन्न, खिडकीशेजारच्या कोपऱ्यात अठ्ठेचाळीस. कागदावर खोलीचा नकाशा काढला, आकडे भरले आणि आईला दाखवला. तिने चष्मा लावून तो नीट पाहिला.

दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची कोपऱ्यात होती. तिसऱ्या दिवशी तिने ताट तिथेच मागितलं. चौथ्या दिवशी गादीही.

"पत्ता काढून दिलास तू तिला!" दादा माझ्यावर ओरडला.

"तिने विचारलं."

"विचारलं म्हणून सांगायचं? अगं, डॉक्टरसुद्धा पेशंटला सगळं सांगत नाहीत."

दादाने मशीन ओट्यावर हलवली. पाचाने चालली. काम वेळेवर पोचलं, साहेब खूश झाले. आत आई एकटी राहिली.

मी रोज कोपऱ्यात स्टॉपवॉच ठेवत होते. तासाला अठ्ठेचाळीस मिनिटं होती ती एकेचाळीस झाली. मग तीस. मग सतरा. आम्ही दोनदा तिला हाताला धरून बाहेर आणलं. ती आली, जेवली, आमच्याशी नीट बोलली. ताट उचलायला आम्ही उठलो तेवढ्यात परत गेली.

दादा म्हणाला, "हे असंच चाललं तर आपण म्हातारे होऊ आणि ती तशीच राहील."

मी ते वहीत लिहिलं नाही.

आज सकाळी अकरा वाजता आम्ही ठरवलं की मी जायचं, शेजारी बसायचं आणि तिला समजावून घेऊनच यायचं. दादा दाराबाहेर स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला. माझ्या हातात दुसरं. दोन्ही एकदम सुरू केली.

खिडकीत लख्ख ऊन होतं. दारातून मात्र कोपरा विझत आलेल्या निखाऱ्याच्या रंगाचा दिसत होता. त्यात आईचा हात लोकरीचा एक वेढा घेत होता. तो वेढा पुरा झालेला मला दिसला नाही.

मी आत पाऊल टाकलं. प्रत्येक पावलाला मागचे आवाज बारीक होत गेले. दादाने हाक मारली ती चिमणीसारखी ऐकू आली.

कोपऱ्यात सगळं नेहमीसारखं होतं. पांढरं ऊन. लोकरीचा वास. आईचा हात गरम होता.

"आलीस?" ती म्हणाली. "केवढी दमलेली दिसतेस गं. कालपरवाच तर बरी होतीस."

"आई, बाहेर चल. दादा तुझ्यासाठी रडतो."

"त्याला म्हणावं, मी कुठेही गेलेले नाही. इथेच आहे." तिने लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला. "इथे अजून त्यांच्या उशीला त्यांचा वास येतो. बाहेर येत नाही. बघ."

तिने उशी पुढे केली. मी वास घेतला.

येत होता.

मी तिचं मनगट धरलं. नाडी मिनिटाला बहात्तर. अगदी उत्तम.

"येतेस ना?"

"तू हो पुढे," आई म्हणाली.

मी बाहेर आले. दादा भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याने स्टॉपवॉच बंद केलं आणि माझ्यापुढे धरलं. मी माझंही बंद केलं.

माझं: एक मिनिट चाळीस सेकंद.

त्याचं: एकोणीस मिनिटं सहा सेकंद.