उलट्या ब्रेकची सायकल

"खोकं आलंच नाही," दुकानदार मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. "उद्या या."

"उद्या सकाळी तर सगळे निघणार," ठमी म्हणाली.

"मग माझी एखादी भाड्याने ने. सायकल ती सायकल. दोन चाकं हिला, दोन तिला."

काही माणसांना देव जीभ देतो आणि तिला डोकं जोडायचं विसरतो. चार दिवसांच्या या सायकल-सफरीची तयारी ठमीच्या दादाने वर्षभर केली होती. मग साधा म्हणता म्हणता ताप वाढला आणि दादा गेला. त्याच्या जागी त्याचीच सायकल घेऊन ठमीने जायचं, असं घरात ठरलं. आईने गादीची निळ्या पट्ट्यांची खोळ उसवून सायकलीला गुंडाळली, बाबांनी पेडल-हँडल काढून ती खोक्यात बांधली आणि मालाच्या गाडीने या दुकानी पाठवली. सफर इथूनच निघणार होती.

सोबत आलेली आत्या दुकानदाराशी भांडत राहिली. ठमी आणि आत्याची दोन मुलं, बोका आणि चिमणी, बाहेर पायरीवर बसली.

"रडू नकोस," बोका म्हणाला.

"रडत नाहीये."

"मग माझ्या बाहीला नाक कशाला पुसतेस?"

चिमणीचं लक्ष भलतीकडेच होतं. दुकानाचा मिस्त्री चेनने काळे झालेले हात फडक्याला पुसत होता.

"ताई, ते फडकं बघ. निळ्या पट्ट्या. कडेला मामीची टीप, वेडीवाकडी."

ठमी ताडकन उठली. बोक्याने तिला मागे ओढलं. "थांब. असली फडकी ढिगाने मिळतात म्हणेल. दादाच्या सायकलीत असं काय आहे, जे दुसरीत नाही?"

"ब्रेक. सगळ्यांचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. तो डावखुरा, त्याने डावीकडे घेतला होता."

बोका खिशात हात घालून, बड्या गिऱ्हाइकासारखा मिस्त्रीपुढे जाऊन उभा राहिला. "मी डावखुरा आहे, काका. पुढचा ब्रेक डाव्या हाताला असलेली सायकल हवी होती. पण तुमच्याकडे कुठली असायला? मोठ्या दुकानातच बघतो."

"मोठ्या दुकानात?" मिस्त्रीला झोंबलं. "कालच खोक्यातून काढून जोडली एक. सकाळी एक गिऱ्हाईक घेऊन गेलं आणि आपटून, शिव्या देत परत आलं. ती बघ, मागच्या भिंतीला."

"खोक्यावर नाव नव्हतं?"

"भाड्याच्या नव्या सायकली यायच्याच होत्या. मालक म्हणाले, येईल ते खोकं फोड आणि जोड. नावं वाचायचं काम मालकांचं."

आत्याने हे ऐकलं आणि दुकानदाराकडे वळली. "खोकं आलं नाही म्हणत होतात ना? मग सायकल एकटीच चालत आली वाटतं, पत्ता विचारत."

दुकानदाराने पुन्हा मोबाइलमध्ये डोकं खुपसलं.

ठमीने सायकलीवरून हात फिरवला. सीटपाशी तो थांबला.

"सीट खाली केलीत?"

"गिऱ्हाईक बुटकं होतं," मिस्त्री म्हणाला. "चढवून देतो. कुठवर होती, सांग."

दादा उंच होता, एवढंच ठमीला ठाऊक होतं. सीटच्या दांड्यावर त्या उंचीचा मळकट वळ असायचा; तो मिस्त्रीने घासून घासून चकचकीत केला होता. आता कुठवर ते एक दादाच सांगू शकला असता.

ती तिथेच फरशीवर बसली आणि मोठ्याने रडली. घरी आईसमोर रडायचं नाही म्हणून साठवलेलं सगळं रडली. कुणी तिला उठ म्हणालं नाही. दुकानदाराने मोबाइल खिशात ठेवला.

बऱ्याच वेळाने आत्या शेजारी येऊन टेकली. "आम्ही मोठे नुसते भांडत बसलो, शोधली तुम्ही तिघांनी. गुणाची गं माझी पोरं. तुझ्या बाबांना फोन करून सांगते."

"आत्या, ती सीट आता मला बरोबर होईल."

"मग चांगलंच झालं की."

"मला ती बरोबर व्हायला नको होती."

आत्याने सायकल आणून ठमीपुढे धरली. ठमी सीटवर बसली. तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. तिला ते मुळीच आवडलं नाही, पण ती उतरली नाही.