नव्व्याण्णव टक्के

बसा, सांगतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आणि हे घडलं तेही भर दुपारी, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ट्यूबलाइटखाली.

माझं काम प्रबंध तपासायचं. फाइल टाकली की यातला किती मजकूर आधीच कुठे लिहिलेला आहे, ते संगणक टक्क्यांत सांगतो. म्हणून मुलं मला टक्केकाका म्हणतात. यात एक चूक हमखास होते. कच्चा मसुदा तपासताना ‘साठवू नका’वर खूण करायची राहून जाते. मग पक्का प्रबंध त्या मसुद्याशीच जुळतो आणि बिचाऱ्यावर स्वतःचंच लिखाण चोरल्याचा आळ येतो. त्याला आम्ही ‘आरसा’ म्हणतो.

त्या दुपारी एक विद्यार्थिनी धापा टाकत आली.

“काका, आजच प्रमाणपत्र द्या ना. बाबा दोन महिने अंथरुणाला खिळलेत. बांधलेला प्रबंध एकदा हातात घ्यायचाय त्यांना.”

फाइल टाकली. नव्व्याण्णव टक्के.

“आरसा पडलाय,” मी म्हणालो. “मसुदा कुठे तपासला होतास?”

“कुठेच नाही, काका... पहिल्यांदाच देतेय.”

साठवलेली प्रत उघडली. नाव तिचंच. स्वल्पविरामसुद्धा तिचेच. साठवल्याची तारीख मात्र पुढच्या महिन्याची, चौदा. म्हटलं, यंत्राचं घड्याळ बिघडलं असेल. मग पहिलं पान पाहिलं. अर्पणपत्रिकेत एक शब्द जुळत नव्हता. तिनं लिहिलं होतं, ‘ती. बाबांस’. त्या प्रतीत होतं, ‘कै. बाबांस’.

मी पडदा तिला दिसणार नाही असा वळवला.

“काका... काय झालं?”

“काही नाही गं. यंत्राचा घोळ.”

मी पुढची पानं न बघताच ती प्रत तपासणीतून वगळली. चार टक्के उरले. सही केली, शिक्का मारला.

“ऋणनिर्देशात तुम्हालाही घातलंय हं,” जाता जाता ती म्हणाली. “श्री. टक्केकाका!”

मी हसलो. निदान ‘आज बाबांजवळ बस’ एवढं तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला ती परत आली. डोळे सुजलेले.

“बांधून यायला एक दिवस उशीर झाला, काका...” ती म्हणाली. “एकच शब्द बदलायचाय.”

एक पान बदललं तरी सगळा प्रबंध पुन्हा तपासायचा, असा नियम आहे. मी ‘साठवू नका’वर खूण केली आणि ती दोनदा पाहिली. ‘ती.’च्या जागी आता ‘कै.’ आलं होतं, म्हणजे त्या चौदा तारखेच्या प्रतीशी जुळणी पुरती शंभर टक्के यायला हवी होती.

नव्व्याण्णवच आली. खाली ‘एक शब्द वेगळा’ असं उमटलं, ते तिनंही वाचलं.

“अजून कुठला शब्द राहिलाय, काका?” तिनं विचारलं.

त्या प्रतीतलं ऋणनिर्देशाचं पान मी आजपर्यंत उघडून बघितलेलं नाही. उद्या चौदा तारीख.